खलाशी परत आला नाही, तर मालकाची जबाबदारी किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठली, नौका बाहेर पडल्या, की महिना-दीड महिन्यात पहिला फोन येतो. कधी मिरकरवाड्यातून, कधी हर्णैहून, कधी थेट देवगड-मालवणकडून. मी वकील नाही. रत्नागिरीत एका वकिलांकडे बावीस वर्षं कारकुनी केली, त्यात कामगार भरपाईची कागदपत्रं इतकी हाताखालून गेली की आता लोक अर्ज लिहायला माझ्याकडेच येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, म्हणून एकदाच सगळे लिहून ठेवतो. तुमच्या प्रकरणाचा अंतिम सल्ला मात्र वकिलांकडूनच घ्या.

मोबाइलवर मेसेज फिरतोय की हायकोर्टाने मालकाला जबाबदार धरलं. म्हणजे आता प्रत्येकाला पैसे मिळणार?

नाही. कोणत्या हायकोर्टाने, कोणत्या साली, कोणत्या घटनेवर, हे त्या मेसेजात कधीच नसतं. शिवाय हायकोर्टात जिंकलेला खटला पुढे सुप्रीम कोर्टात फिरलेलाही असू शकतो. खाली तशी दोन उदाहरणं दिली आहेत. एकात हायकोर्टाचा निकाल खलाशाच्या घरच्यांच्या बाजूने होता, तो सुप्रीम कोर्टाने उलटवला. दुसऱ्यात विधवेच्या विरोधात होता, तोही उलटवला. तेव्हा मेसेजवर जाऊ नका, आपली घटना काय आहे ते आधी नीट मांडा.

कायदा कोणता?

१९२३ चा. आधी त्याचं नाव कामगार नुकसानभरपाई अधिनियम होतं, २०१० पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई’ झालं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि हा विषय तिच्यात गेला. त्या तारखेआधी झालेल्या अपघातांची प्रकरणं जुन्या कायद्यानेच चालतात आणि सध्या माझ्या टेबलावर तीच जास्त आहेत. खालची कलमं जुन्या कायद्याची समजा. सांगाडा बराचसा तोच आहे, पण अपघात नंतरचा असेल तर वकिलाला संहितेतलं कलम दाखवायला सांगा.

मालक म्हणतो, ‘चूक त्याचीच होती, विंचमध्ये (जाळं ओढायच्या यंत्रात) हात कशाला घातला?’

म्हणू दे. या कायद्यात चूक कोणाची हा पहिला प्रश्नच नाही. अपघात कामातून आणि काम चालू असताना झाला का, एवढंच कलम ३ विचारतं. मालकाने हयगय केली होती हे सिद्ध करायची गरज नाही. गावच्या बैठकीत तीन तास याच एका गोष्टीवर भांडण चालतं आणि कोर्टात ती गोष्ट निघतही नाही, हे मी कितीदा पाहिलंय.

पण तो प्यायलेला होता असं सगळे सांगतात.

इथे बारीक वाचा. दारूच्या अंमलाखाली असणं, सुरक्षेचा स्पष्ट नियम मुद्दाम मोडणं, संरक्षक साधन मुद्दाम काढून टाकणं, हे तिन्ही बचाव मालकाला मिळतात, पण फक्त छोट्या-मध्यम दुखापतीत. माणूस मेला किंवा कायमचा पूर्ण निकामी झाला, तर हे बचाव चालत नाहीत. दारूचं नाव ऐकून विधवा मान खाली घालते आणि बैठक तिथेच संपते. मान खाली घालायचं कारण नाही.

खलाशी रात्री नौकेवरून नाहीसा झाला. कोणी पडताना पाहिलं नाही, प्रेतही मिळालं नाही. मग?

सगळ्यात अवघड प्रश्न हा. यावरचा गाजलेला खटला आपल्याच मुंबई हायकोर्टातून गेलेला आहे.

डिसेंबर १९६१. ‘द्वारका’ नावाची आगबोट इराणच्या आखातात होती. तिच्यावरच्या एका खलाशाच्या छातीत दुखत होतं, डॉक्टरने तपासलं, विशेष काही आढळलं नाही. १६ तारखेच्या रात्री तो ब्रिजजवळ (बोट हाकायच्या जागेजवळ) दिसला, तिथून त्याला परत पाठवलं. पहाटे तीनच्या सुमारास पुन्हा दिसला. पहाऱ्यावरच्या माणसाला म्हणाला, झोपायला जातो. सकाळी सव्वासहाला पाहतात तर बोटीवर नाही. बापाने भरपाई मागितली. असे भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरने नाकारली. मुंबई हायकोर्टाने दिली, कारण कामावरचा माणूस बोटीवरून नाहीसा झाला म्हणजे तो अपघाताने पडला असाच अंदाज बांधायला हवा. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा निकाल फिरवला. समुद्र खवळला होता असा पुरावा नव्हता, तो धोक्याच्या जागी कोणाला दिसला नव्हता आणि त्या वेळी तिथे जाण्याचं कामही त्याला नव्हतं. अपघात, आत्महत्या की आणखी काही, हे ठरवायला हातात काहीच नव्हतं. नुसता तर्क पुरावा होत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

हा निकाल वाचून आमचे वकील नेहमी म्हणायचे, ‘हरलेला खटला जास्त शिकवतो.’ कारण त्याच निकालात सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलंय की डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार लागतोच असं नाही. परिस्थितीवरून वाजवी निष्कर्ष निघत असेल तर तो काढता येतो. म्हणजे आपल्याला परिस्थिती भरायची असते. जाळं ओढायची वेळ होती का? वारा कसा होता? त्या रात्री बंदरात धोक्याचा बावटा लागला होता का? त्याची ड्युटी नाळेवर (पुढे) होती की वरामावर (मागे)? नौकेला कठडा किती उंच? एका प्रकरणात तांडेलाच्या (नौकेच्या म्होरक्याच्या) वहीत पेन्सिलीने ‘२.१० वाजता जाळा मारला’ एवढंच लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्या खलाशाने दोन वाजता त्याला दोर हातात धरून उभा पाहिलं होतं. एवढ्यावर ‘काम चालू असताना’ हा भाग उभा राहिला.

नौका बुडताना इतरांनी पाहिलं असेल तर सात वर्षं थांबायची गरज नाही. सात वर्षांचा नियम काहीच पत्ता नसलेल्या माणसासाठी आहे. मृत्यू इतर पुराव्याने सिद्ध होत असेल तर तो लगेच सिद्ध करता येतो. मात्र त्याच दिवशी पोलिसांत आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडे खबर गेलेली असावी. ‘उद्या येईल, परवा येईल’ म्हणून आठवडा जातो आणि पुढे त्याच आठवड्यावर उलटतपासणी होते.

आमच्यात पगार नसतो, वाट्यावर काम असतं. मग तो नोकर कसा?

नौकेच्या मालकाचा हा ठरलेला बचाव: ‘तो माझा नोकर नव्हे, वाटेकरी.’ वाटा मिळतो म्हणून कोणी भागीदार होत नाही. नौका कोणाची, जाळी कोणाची, कधी निघायचं हे कोण ठरवतं, डिझेल कोण भरतं, तोटा झाला तर खलाशाच्या घरून पैसे जातात का, हे पाहिलं जातं. तोट्यात वाटा नसेल तर भागीदारी कसली? मासेमारीचा उल्लेख कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. रोजंदारीचा, तात्पुरता माणूस आधी व्याख्येतून वगळता येत असे, २००० च्या दुरुस्तीने तेही गेलं.

मजुरी ठरवताना पैशात मोजता येणारी सोयही धरतात. नौकेवरचं जेवण मालकाचं असेल तर ते सांगायला विसरू नका.

रक्कम किती मिळते?

सूत्र ठरलेलं आहे. मृत्यू असेल तर महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग गुणिले वयाचा गुणक. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर मजुरीचे ६० टक्के गुणिले तोच गुणक. जानेवारी २०२० पासून हिशोबासाठी मजुरी जास्तीत जास्त १५,००० धरतात, प्रत्यक्ष कमाई कितीही असो. गुणक चौथ्या परिशिष्टात आहे: २५ व्या वर्षी २१६.९१, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९.

२५ वर्षांचा, महिना १८ हजार मिळवणारा खलाशी गेला. धरायचे १५ हजार, निम्मे ७,५००. गुणिले २१६.९१. झाले १६,२६,८२५ रुपये. अंत्यविधीचा खर्च वेगळा.

दुखापतीचा हिशोब टक्केवारीने होतो. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, करंगळी गेली तर ७. तीस वर्षांच्या माणसाचा विंचमध्ये अंगठा गेला: ९,००० गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०, त्याचे ३० टक्के म्हणजे ५,६१,५४६ रुपये. पण परिशिष्टात लिहिलेला आकडा म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेला सुतार आला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचं अपंगत्व शंभर टक्के धरलं गेलं. जाळं ओढणाऱ्याचा हात गेला तर हा निकाल वकिलाला आठवण करून द्या.

मालकाने घरी येऊन दोन लाख दिले आणि स्टॅम्पपेपरवर सही घेतली. आता काही करता येतं का?

येतं. हे उत्तर लांब देतो, कारण लोक इथेच फसतात.

मालवणकडच्या एका वाडीत मी गेलो होतो. ओट्यावर चार पंच, नौकेचा मालक, गेलेल्या खलाशाचा मोठा भाऊ. वहिनी आतल्या दाराच्या आड. पाटावर पितळी तांब्याखाली दाबून ठेवलेला लिफाफा. मी पोचेपर्यंत सही होऊन गेली होती. मी विचारलं, कागद वाचलात का? आतून आवाज आला, ‘माका सही करूक सांगितल्यानी, मी केलंय.’ कागदावर लिहिलं होतं: ‘माझी कसलीही तक्रार नाही, पुढे कोणताही दावा करणार नाही.’ मालक वाईट माणूस नव्हता, हेही सांगतो. त्याच्या नौकेवर बँकेचं कर्ज होतं आणि दोन लाख त्याने खरंच कुठून तरी उसने आणले होते. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की असे दिलेले पैसे त्याच्याही कामाचे नाहीत.

कलम ८ म्हणतं की मृत्यूची भरपाई कमिशनरकडेच जमा करायची. हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. कमिशनर हजर असलेल्यांपैकी अवलंबून असलेले कोण हे ठरवून वाटप करतो, लहान मुलांचा हिस्सा बँकेत ठेवायला लावतो. मोठ्या दिराने पैसे घेऊन घराची कौलं बदलली, असे प्रकार टाळायला ही तजवीज आहे. मालकाला अवलंबितांना आगाऊ मदत देता येते, पण तिची वजावट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मजुरीएवढीच. आणि कलम १७ प्रमाणे हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्द. शंभराचा स्टॅम्प असो की पाचशेचा, पाच पंचांच्या सह्या असोत, फरक पडत नाही.

त्या वहिनींनी अर्ज केला तेव्हा मुदतीचे अकरा दिवस उरले होते.

मेलेल्या माणसाची उचल मालक भरपाईतून कापून घेतो म्हणतो.

हंगामाच्या सुरुवातीला घेतलेली उचल ही आपल्याकडची जुनीच रीत. पण कलम ९ प्रमाणे भरपाईवर जप्ती येत नाही, ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि तिच्यातून दुसरं येणं वळतं करून घेता येत नाही. उचल वसूल करायची तर मालकाने वेगळी वाट शोधावी.

कामावर जाताना किंवा घरी येताना अपघात झाला तर?

इथे कोर्टांचं मत साठ-सत्तर वर्षांत हळूहळू सरकत आलंय.

१९५२ मध्ये पोरबंदरजवळ मिठागराचे कामगार काम संपवून खाडी ओलांडत होते. नाव उलटली, काही बुडाले. आपल्याकडे तरीने, म्हणजे नावेने, खाडी ओलांडून कामाला जाणारी माणसं अजून आहेत, त्यामुळे हा खटला वाचताना मला कायम दाभोळ-धोपाव्याची खाडी दिसते. १९५८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ती नाव सार्वजनिक होती, कामगार कामाच्या जागेपासून दूर, सगळ्यांच्या वाटेवर होते, त्यामुळे मिठागराचा मालक जबाबदार नाही.

मग मुंबईच्या बेस्टचा खटला. १९५७ मध्ये एका चालकाने ड्युटी संपवून जोगेश्वरीच्या डेपोत बस लावली आणि घरी जायला बेस्टच्याच दुसऱ्या बसमध्ये बसला. ती उभ्या लॉरीवर आदळली, चालक पुढे दवाखान्यात मरण पावला. मुंबई हायकोर्टाने बेस्टला जबाबदार धरलं आणि १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन विरुद्ध एक मताने ते कायम केलं. चालकांना बसने फिरण्याची मुभा ही नोकरीच्या सोयीसाठीच होती, म्हणून बसमधला प्रवासही नोकरीचाच भाग.

आणि आता जुलै २०२५. धाराशिव जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा रखवालदार, पहाटे तीनची पाळी, २००३ मध्ये मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर अपघातात गेला. कमिशनरने भरपाई दिली, मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली, सुप्रीम कोर्टाने पुन्हा दिली. वेळ, जागा आणि काम यांचा धागा जुळत असेल तर जाता-येतानाचा अपघातही कामातलाच. नव्या संहितेत तर हे लिहूनच टाकलंय.

तेव्हा पहाटे साडेतीनला लिलावासाठी जेटीवर निघालेल्या कामगाराला ट्रकने उडवलं, तर आता ‘रस्त्यावरचा अपघात, आमचा काय संबंध’ एवढं म्हणून मालकाला सुटता येणार नाही. वाटेत पाहुण्याकडे दोन तास बसून मग निघाला असेल तर मात्र धागा तुटतो. वाहनाचा अपघात असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरण आणि कमिशनर यांपैकी एकच दार निवडावं लागतं. घाईत निवडू नका. न्यायाधिकरणात रक्कम पुष्कळदा जास्त निघते, पण काही प्रकरणांत तिथे चूक सिद्ध करावी लागते.

काम करताना हार्ट अटॅकने गेला तर?

आपोआप मिळत नाही. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका प्रकरणात नाकारली, २०१२ मध्ये शेकडो किलोमीटर ट्रक चालवून आलेल्या चालकाच्या वारसांना दिली. कामाच्या ताणाने आजार बळावला हे दाखवावं लागतं. सलग किती तास, किती दिवस, झोप किती, हे लिहून ठेवा.

चिरेखाणीवरचा माणूस ठेकेदाराचा, आंबा बागेतला रखवालदार नेपाळचा. कोणाला धरायचं?

मूळ मालकाला. आपल्या धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं तरी कलम १२ प्रमाणे भरपाई मूळ मालकाकडे मागता येते, मग त्याने ठेकेदाराकडून वसूल करावी. ठेकेदार हंगाम संपल्यावर सापडत नाही, खाणीचा मालक सापडतो. नागरिकत्वाची अट कायद्यात नाही. नेपाळच्या कुटुंबाला अडचण येते ती कागदांची: लग्नाचा दाखला, मुलांची वयं, गावच्या वॉर्डाचं पत्र. प्रेत गावी न्यायची घाई असते, तरी पोस्टमॉर्टेम करूनच न्या.

विमा आहे, सरकारी अपघात विमाही आहे.

मालकाचा विमा असेल तर विमा कंपनी भरपाई आणि सहसा व्याजही देते. दंड मात्र मालकाच्या खिशातून, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच स्पष्ट केलंय. मच्छीमारांसाठीच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतल्या गट अपघात विम्याचे ५ लाख ही वेगळी गोष्ट. ते मिळाले म्हणून मालक सुटत नाही. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला मात्र त्याच योजनेतून मिळतं, कमिशनरकडे नाही.

मालकाने टाळाटाळ केली तर?

एका महिन्यात पैसे जमा झाले नाहीत तर १२ टक्के सरळ व्याज आणि योग्य कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या १६,२६,८२५ वर वर्षाचं व्याज होतं १,९५,२१९ रुपये. हा आकडा कागदावर मांडून दाखवला की बऱ्याच मालकांची भाषा बदलते. जबाबदारी अपघाताच्या दिवसापासून सुरू होते, निकालाच्या दिवसापासून नव्हे.

अर्ज कुठे आणि कधीपर्यंत करायचा?

अपघात झाला ती जागा, तुमचं राहण्याचं ठिकाण किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय, यांपैकी कुठल्याही भागाच्या कमिशनरकडे. नौका रत्नागिरीची आणि विधवा वेंगुर्ल्याची असेल तर तिने रत्नागिरीला हेलपाटे घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षं. उशीर पुरेशा कारणासाठी माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. प्रकरण तीन महिन्यांत निकाली काढावं असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षातल्या तारखांबद्दल मी काही बोलत नाही.

मग हायकोर्टाचं काम काय?

अपील. ६० दिवसांत, आणि तेही कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. घटना काय घडली हे ठरवणारा शेवटचा माणूस कमिशनर आहे, असं २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा बजावलं. म्हणून कमिशनरसमोरची साक्ष ढिली पडली तर हायकोर्टात ती दुरुस्त होत नाही. मालकाला अपील करायचं तर आधी पूर्ण रक्कम कमिशनरकडे भरावी लागते. एक चांगलं झालं: १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. आंबा किंवा फोंडा घाट चढला की झालं. रायगडकरांना मुंबईच.

आत्ता, आजच्या आज काय करू?

नौका अजून बंदरात असेल तर तांडेलाच्या वहीचं ते पान, नौकेचा नंबर आणि पडला ती जागा, तिन्हींचे फोटो काढा. मग सोबतच्या खलाशांची नावं आणि त्यांच्या गावचे फोन नंबर लिहून घ्या. बंदी लागली की ते आपापल्या मुलखाला जातात आणि पुढच्या हंगामात दुसऱ्याच नौकेवर असतात.